खिंडारावरची हळद

पवनीला सून आणायची ती दरवाज्यातून. मग तिचं माहेर भंडाऱ्याच्या अंगाला असो, सानगडीकडं असो, नाहीतर नदीच्या पल्याड. गावाला तीन बाजूंनी जुना परकोट, त्याच्या बाहेर खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा. परकोटाला थोरला दगडी दरवाजा एकच. नवी नवरी त्याच्या कमानीखाली थांबायची, कुणीतरी सवाष्ण तिच्यापुढं तेलात कालवलेल्या हळदीची वाटी धरायची, नवरी उजवा तळवा बुडवून दगडावर ठसा उमटवायची, आणि मगच तिचं पाऊल गावात. किती पिढ्यांचे हात त्या दगडावर बसले होते कोण जाणे. खालचे तेलानं काळे पडलेले, वरचे पिवळे. पाण्यावरून नाहीतर कोंबडीवरून भांडण जुंपलं आणि एखादीला दुसरं काही सुचेनासं झालं, की ती छातीवर हात ठेवून म्हणायची, "माहा हात हाये दरवाज्यावर!" एवढं म्हटलं की झालं. तलाठ्याच्या शिक्क्यालाही एवढा मान नव्हता.

धुरपताचा हात त्या दरवाज्यावर नव्हता, आणि त्याला कारण तिच्या सासऱ्याचा जोडा.

तिचं माहेर नदीपल्याडचं. स्वराज्य मिळायच्या थोडं आधी, ऐन वैशाखात तिकडंच लग्न लागलं आणि वरात डोंग्यातून पवनीच्या घाटाला आली. पल्याडच्या नवरीला घाटावरून थेट गावात नेत नसत. परकोटाच्या बाहेरून वळसा घालून तिला दरवाज्यापर्यंत आणत आणि मग आत घेत. तयारी सगळी झाली होती. वाजंत्री दरवाज्याशी जाऊन उभे होते. हळदीची वाटी धरायचा मान आळीतल्या कुंताबाईला मिळाला होता. तीही नवीच, आदल्याच हंगामात वाजतगाजत दरवाज्यातून आलेली. पण सासरे गोमाजी यांनी पोराच्या लग्नासाठी नवा जोडा घेतला होता, आणि घेताना पायापेक्षा रुबाबाचं माप जास्त पाहिलं होतं. नदीची तापलेली वाळू तुडवता तुडवता टाचा सोलून निघाल्या. घाट चढून वर आले, शेवटच्या पायरीवर मटकन बसले, जोडा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "परकोटाले वळसा घालून मी मेलो तरी येत नाई. घर थे समोर दिसून राहिलं. चला!"

"अन् दरवाजा, गोमाजी?" कुणीतरी हळूच विचारलं.

"दरवाजा काय पळून जाते? उद्या दाखवू पोरीले."

तो उद्या काही उजाडला नाही. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी ठरवलं की घरात आलेल्या लक्ष्मीला पुन्हा वेशीबाहेर काढायचं म्हणजे हातानं हाकलल्यासारखं. तेव्हा राहू द्या. इकडं आदल्या संध्याकाळी दरवाज्याशी वाजंत्री दिवस मावळेपर्यंत रिकाम्या रस्त्याला सनई ऐकवत राहिले होते. कुंताबाईच्या हातातली हळद ओघळून कोपरापर्यंत आली, नवं लुगडं डागाळलं, आणि येणारे-जाणारे विचारू लागले, "काहून वो, नवरी हरपली का?" ते हसणं कुंताबाई कधी विसरली नाही. तिनं गावालाही विसरू दिलं नाही.

त्या वर्षी धानावर तुडतुडा पडला. सगळ्यांच्याच धानावर पडला, पण गोमाजीच्या बांधीतला, म्हणजे त्याच्या धानाच्या शेतातला, तुडतुडा तेवढा सुनेनं आणलेला ठरला. पुढं बैल लंगडा झाला. पुढं मूल व्हायला उशीर झाला. प्रत्येक वेळी विहिरीवर कुंताबाईचं एकच निदान, "दरवाजा चुकलेली हाये ना थे. आडवाटेनं आली." हळूहळू 'आडवाटची' हे नावच पडलं. कुणी सोयरा पाहुणा गोमाजीचं घर विचारायला लागला तर पोरंसुद्धा सांगत, "आडवाटचीचं घर का? थे पाहा."

एके दिवशी धुरपता विहिरीवर आली तशी कुंताबाई मोठ्यानं म्हणाली, "बाया हो, घागरी सांभाळा. आडवाटची आली, पाणीबी आडवाटेनं जाईन."

सगळ्या खळखळून हसल्या. धुरपतानं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि जाता जाता एवढंच म्हणाली, "तुमचा दरवाजा तुमाले लखलाभ. मी त्याच्यातून आली नाई, आता जाणारबी नाई."

रागात माणूस पुष्कळ बोलतं, आणि राग उतरला की तेही उतरतं. धुरपताचं मात्र तसं नव्हतं. तिनं बोललेलं पाळलं. शेत परकोटाबाहेर, खंदकाच्या पल्याड. रोज जाणं आलं. सगळं गाव दरवाज्यातून जाई, ही कुंभारवाड्यामागच्या खिंडारातून. ते खिंडार काही शत्रूनं तोफा लावून पाडलेलं नव्हतं. ते गावानंच पाडलं होतं, एक एक वीट करून. परकोटाच्या विटा लांबरुंद, मजबूत आणि फुकट. ज्याला चूल बांधायची तो दोन नेई, ज्याला ओटा बांधायचा तो गाडी भरून नेई. कुंताबाईचा अख्खा गोठा परकोटाच्या विटांचा होता. ज्या भिंतीनं कधीकाळी राजाला राखलं, तिच्यावर आता तिच्या गोवऱ्या वाळत होत्या.

धुरपताचा नवरा तुलाराम मुलखाचा शांत माणूस. बायकोचा हट्ट त्यानं बदलायचा प्रयत्न केला नाही आणि स्वतः पाळलाही नाही. तो बैलबंडी घेऊन दरवाज्यातून निघे, ती खिंडारातून, आणि शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, दोघं भेटत.

"काय वो, कोण पह्यले आलं?" तो विचारी.

"बैलाले विचारा. थो खोटं नाई बोलत."

अशी वर्षं गेली. खिंडारातून जाताना पायाखाली विटा घसरत, म्हणून धुरपता घसरलेली वीट उचलून कडेला नीट रचून ठेवी. डोक्यावर धानाचा भारा असला तरी वाकून ठेवी. मग गवतात पडलेल्याही उचलू लागली. गाव नेत होतं, ती ठेवत होती. तिला काही बांधायचं नव्हतं. पाय मुरगळू नये एवढाच हिशोब. पण वाटेच्या दोन्ही कडा हळूहळू सरळ झाल्या, कमरेपर्यंत आल्या, मग खांद्यापर्यंत. मधली वाट पायांनी गुळगुळीत झाली. लोक हसत, "आडवाटची महाल बांधून राहिली!" ती म्हणे, "या राहाले."

मग गावात नागपूरच्या विद्यापीठाची माणसं आली आणि त्यांनी गावाशेजारची टेकडी उकरायला घेतली. खालून कोरीव दगड निघाले, मोठं जुनं बांधकाम निघालं. आपलं गाव दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे गावाला तेव्हा समजलं, आणि जो तो असा चालू लागला, जणू ती दोन हजार वर्षं त्यानंच अंगमेहनतीनं काढली आहेत. ज्यांनी रात्री परकोटाच्या विटा नेल्या होत्या तेच दिवसा चहाच्या टपरीवर बसून म्हणत, "ठेवा हाये हा ठेवा! जपला पायजे." कुंताबाईनं गोठ्याच्या भिंतीला घाईघाईनं शेणमातीचा गिलावा केला. कुणी साहेब विटा पाहत आला तर?

टेकडीवरची गर्दी पुढं ओसरली. आणि अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात दरवाज्याच्या कमानीतला एक दगड सुटला आणि धानाच्या बंडीवर पडला. माणसं वाचली, बैल वाचले, एक पोतं फुटलं. चारच दिवसांत जुन्या इमारती राखणाऱ्या खात्याचे लोक आले. त्यांनी कमानीला लाकडी टेकू लावले, दोन्ही तोंडांना फळ्या ठोकल्या आणि काटेरी तार ओढली. मोटारींसाठी पलीकडं परकोट आधीच फोडलेला होता. गाव तिकडून जाऊ-येऊ लागलं. कामावरचे ओव्हरसिअर मारोतराव म्हणाले, "दोन महिन्यांचं काम आहे." सरकारी दोन महिने केवढे असतात ते गावाला ठाऊक होतं.

धुरपताला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. तिच्या वैऱ्याचं तोंड बांधलं गेलं होतं. पण त्याच उन्हाळ्यात तिच्या टेकचंदचं लग्न ठरलं होतं, सानगडीच्या रुखमाशी. उशिरा झालेला एकुलता एक पोरगा. आणि लग्न ठरल्याच्या दिवसापासून धुरपताच्या मनात एकच गोष्ट बसली होती: सून दरवाज्यातून येईल, दगडावर हात उमटवेल, आणि 'आडवाटची' हे नाव या घरात आपल्याबरोबरच संपेल. त्यासाठी ती स्वतः दरवाज्याशी जाऊन उभी राहणार होती. इतक्या वर्षांचा हट्ट मोडायला ती तयार झाली होती, आणि नेमका तेव्हाच दरवाजा बंद.

दुपारी गाव झोपलेलं असताना ती दरवाज्याशी गेली. मारोतराव टेकूंच्या सावलीत डबा खात बसले होते.

"साहेब, एक मागणं हाये."

"बोला काकू. जेवता का? चटणी-भाकर आहे."

"जेवली मी. माह्या पोराची वरात यिऊन राहिली सानगडीहून. घडीभर फळी काढा. नवरी आत जाईन, हात लावन, तुमी फळी ठोका. कोणाले सांगणार नाई."

मारोतराव हसले, पण वाईट हसले नाहीत. "काकू, वरातीत बाजा असेल ना? या कमानीखाली आज ढोल वाजला तर वरचे दगड खाली येतील. दगड मुहूर्त पाहून नाही पडत. तुमच्या सुनेच्या डोक्यात पडला तर?"

"बाजा नाई वाजवत."

"नुसत्या पायांनीही नको. तुमची सून माझ्या मुलीसारखी. म्हणूनच सांगतो."

धुरपता फळ्यांपाशी सरकली. फळ्यांच्या फटीतून तिनं आत पाहिलं. इतकी वर्षं या गावात काढून दरवाज्याचं पोट ती आज पहिल्यांदा पाहत होती. कमानीच्या आतल्या बाजूला जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत हातच हात. लहान हात, रुंद हात, बोटं फाकलेली, बोटं मिटलेली. तिची आजेसासू असेल त्यात, सासू असेल, कुंताबाई असेल. काहींची नावं सांगायलाही आता कुणी उरलं नसेल. दगड एकमेकांना धरून उभे आहेत की या हातांनी ते धरून ठेवलेत, असं वाटावं. तिनं फटीतून बोटं घातली. बोटं दगडापर्यंत पोचली नाहीत.

"या हातायले पुसाल का हो साहेब, काम झाल्यावर?" तिनं विचारलं.

मारोतरावांनी घास गिळला. "तेलानं दगड खराब होतो, काकू. साफ करावंच लागतं."

घरी येऊन ती चुलीपुढं बसली. तुलारामनं पाहिलं, ओळखलं. म्हणाला, "मुहूर्त पुढं ढकलू का?"

"अन् थे सरकार उघडीपर्यंत पोट्टा म्हातारा होऊ द्या."

"मोटारच्या रस्त्यानं आणू. आता सगळेच आणतीन."

"तिथं काय हाये? ना दगड, ना कमान. टरक जाते तिथून." चुलीतलं लाकूड आत सारत ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "तिलेबी म्हणतीन. दुसरी आडवाटची आली म्हणतीन."

तुलारामनं बिडी पेटवली. तो फार बोलणारा नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "दरवाजा काय आभायातून पडला होता का वो? कोण्यातरी बाईनं पह्यला हात लावलाच असन. तिच्या आधी कोणाचाच नसन तिथं."

वरात यायच्या आदल्या सकाळी कुंभारवाड्यात बातमी फुटली: आडवाटची खिंडार सारवून राहिली! धावत जाऊन पाहावं तो खरंच. तिनं वाटेवरचं गवत उपटलं होतं, सडा टाकला होता, दोन्ही कडांच्या विटा पुसून घेतल्या होत्या. आंब्याचं तोरण बांधायला वर कमान नव्हती, म्हणून कडेच्या दोन पळसांना दोरी ताणून त्यावर तोरण लावलं होतं. कुंताबाईही आली. कमरेवर हात ठेवून तिनं सगळं न्याहाळलं.

"काहून वो धुरपता, सुनेलेबी तुह्याच रस्त्यानं नेतं का?"

"हो."

"लोक हसतीन."

"हसू दे. लोकायचे दात किडत नाई तेवढ्यानं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सानगडीची वरात बसनं आली आणि परकोटाबाहेर उतरली. वाजंत्री पुढं निघाले आणि दरवाज्याकडं वळायचं की मोटारच्या रस्त्याकडं, या घोटाळ्यात मध्येच थांबले. टेकचंदला आईचा बेत ठाऊक होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "माय, चारचौघांत शोभा नको करू. सरळ रस्त्यानं चाल." धुरपतानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती खिंडाराकडं चालू लागली. नवरी तिच्या मागं, आणि नवरीच्या मागं सगळं गाव. लग्नापेक्षा तमाशा पाहायची हौस कुणाला नसते?

खिंडारापाशी रुखमा थांबली. पिवळी हळदीची पोरगी, डोळे तेवढे धीट. तिनं रचलेल्या विटा पाहिल्या, तोरण पाहिलं, सासूच्या हातातली हळदीची वाटी पाहिली.

"आत्याबाई, तुमी इथूनच आल्या होत्या का?"

बायांत खुसखूस झाली. कुंताबाईनं पदर तोंडाला लावला. आता काय उत्तर देते पाहू.

"नाई माय," धुरपता म्हणाली. "मी कुठूनच नाई आली. मी एकदम घरातच सापडली. मामाजीच्या पायाले फोड आले होते."

रुखमाला हसू आलं, ते तिनं आवरलं. मग वाटीकडं पाहत म्हणाली, "मंग माहा हात पह्यला कसा? तुमचा राह्यला हाये ना. पह्यले तुमी लावा."

असं काही होईल हे धुरपताच्या बेतात नव्हतं. तुलाराम पुढं आला, त्यानं वाटी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः धरली. बाप्या माणसानं हळदीची वाटी धरलेली गावानं कधी पाहिली नव्हती. कुणी हसलं नाही. धुरपतानं उजवा तळवा हळदीत बुडवला आणि स्वतःच रचलेल्या विटांवर टेकवला. चिखलात खपून खपून तळवा एवढा भेगाळला होता की ठशात रेघाच रेघा उमटल्या. त्याच्याशेजारी रुखमाचा हात उमटला, गुळगुळीत. मग धुरपतानं सुनेचं मनगट धरलं आणि दोघी बरोबरच आत गेल्या.

वाजंत्र्यांना काय वाटलं कोण जाणे. तोवर गप्प उभे होते, ते एकदम जोरात वाजवायला लागले.

आता गावाची गंमत अशी की हसायला सगळे येतात, पण स्वतःच्या घरात लग्न निघालं की तेच लोक तोंड फिरवून हळूच वाट विचारतात. दरवाजा बंदच होता. मोटारच्या रस्त्यानं सून आणायला कुणाचं मन होईना. पुढच्याच महिन्यात एक नवरी खिंडारातून आली, मग दुसरी. पुढच्या साली कुंताबाईच्या धाकट्या पोराचं लग्न निघालं. ती धुरपताकडं आली ती इकडचं-तिकडचं बोलत. भाजी काय केली, म्हैस किती देते. शेवटी उठता उठता म्हणाली, "थे तुह्या खिंडारातलं सारवण कोण करते वो? मंगळवारी आमची वरात हाये."

"मीच करतो. या तुमी."

यावर एखादीनं जुना हिशोब काढला असता. धुरपतानं काढला नाही. फक्त कुंताबाई गेल्यावर तुलारामला म्हणाली, "विहिरीवर जाऊन सांगू का, घागरी सांभाळा म्हणून?" आणि दोघंही पोट धरून हसले.

मारोतराव एकदा परकोट मोजत मोजत तिथवर आले. सरळ रचलेल्या कडा, गुळगुळीत वाट, विटांवर पिवळ्या हातांची रांग. "काकू, इथं पूर्वी लहान दार होतं का?"

"पूर्वी नव्हतं. आता हाये."

दरवाजा उघडला तो चौऱ्याऐंशी साली. टेकू निघाले, दगडांच्या सांध्यांत नवा चुना भरला गेला, आणि घासून पुसून कमान इतकी स्वच्छ झाली की गाव पाहायला लोटलं. आतल्या बाजूचे हात गेले होते. एकही राहिला नव्हता. पुरुष म्हणाले, काय चमकते! बायका आत शिरल्या. एकेकजण आपापल्या जागेपाशी जाऊन दगडावरून हात फिरवून पाहत होती. कुंताबाई फार वेळ शोधत होती. माहा हात इथं होता, ह्या दगडावर, नाही, ह्याच्या खालच्या. तिची सून म्हणाली, "चला ना आत्याबाई, माहा तर खिंडारावर हाये," आणि म्हातारीच्या काळजात काय हललं ते त्या पोरीला कळलंही नाही.

पुढच्या आठवड्यात, उन्हं उतरली असताना धुरपता शेतातून येत होती. खिंडारात कुंताबाई एकटीच उभी. नवरीसारखी उभी होती म्हटलं तरी चालेल, फक्त केस पांढरे. पदराखाली काहीतरी झाकलेलं.

"काय वो, रस्ता चुकल्या का?" धुरपता म्हणाली.

कुंताबाईनं पदराखालून वाटी काढली. हळद होती, वर तेल सुटलेलं. "तुह्या लग्नाच्या दिवशी मी अशीच वाटी घेऊन उभी होती. दिवस मावळेपर्यंत. तू आलीच नाई."

"मले आणलं नाई वो कोणी. मले आणलं असतं तर आली असती."

"माहीत हाये." वाटीतल्या हळदीकडं पाहत ती म्हणाली, "तवाबी माहीत होतं."

धुरपतानं डोक्यावरचा गवताचा भारा खाली ठेवला. पदराला हात पुसले आणि कुंताबाईच्या हातातून वाटी घेतली. एखाद्या नव्या सुनेपुढं धरावी तशी, दोन्ही हातांनी, नीट धरली. कुंताबाईनं हात बुडवला. हळद ओघळून कोपरापर्यंत आली.

"लुगडं सांभाळा वो," धुरपता म्हणाली. "अन् खाली नका लावू. इथं, माह्या बाजूले जागा हाये."